उंदराचे यकृत आणि माणसाचा आजार : आहारजन्य 'फॅटी लिव्हर'चे संशोधन प्राण्यांवर कसे चालते?

'अमुक औषधामुळे उंदरांमधील फॅटी लिव्हर बरे झाले', अशा आशयाची वृत्ते अलीकडच्या काळात वरचेवर प्रसिद्ध होत असतात. या वृत्तांमुळे रुग्णांच्या व त्यांच्या कुटुंबीयांच्या आशा पल्लवित होतात. प्रत्यक्षात मात्र उंदरांमध्ये गुणकारी ठरलेल्या औषधांपैकी अगदी मोजकीच औषधे आजवर रुग्णांपर्यंत पोहोचली आहेत. प्रयोग खोटे होते, असा याचा अर्थ नव्हे. त्या उंदराला आजार कोणत्या आहाराने जडला होता, या प्रश्नाच्या उत्तरात या अपयशाचे एक महत्त्वाचे कारण दडलेले आहे.

आजाराचे स्वरूप

निरोगी यकृतात मेदाचे प्रमाण अत्यल्प असते. यकृताच्या पाच टक्क्यांहून अधिक पेशींमध्ये मेद साठल्यास त्यास मेदयुक्त यकृत, अर्थात फॅटी लिव्हर असे म्हटले जाते. अनेक रुग्णांमध्ये हा आजार याच टप्प्यावर राहतो. काहींमध्ये मात्र मेदासोबत यकृताचा दाह सुरू होतो, पेशी फुगू लागतात आणि जखमेवर व्रण धरावा त्याप्रमाणे यकृतात तंतुमय ऊती वाढू लागतात. ही तंतुमयता वाढत गेल्यास सिरोसिस व यकृताचा कर्करोग होण्याची शक्यता निर्माण होते.

मद्यपान न करणाऱ्या व्यक्तींमध्येही मद्यपींसारखीच यकृताची हानी दिसून येते, याकडे अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे डॉ. युर्गन लुडविग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये लक्ष वेधले आणि या विकारास 'नॅश' हे नाव दिले. 'मद्यपानविरहित' ही ओळख नकारात्मक असल्याने २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी नामांतर केले. आता हा आजार चयापचयाच्या बिघाडाशी निगडित मेदयुक्त यकृत रोग म्हणून ओळखला जातो आणि त्याच्या दाहयुक्त अवस्थेस 'मॅश' असे संबोधले जाते.

भारतासाठी हा विषय दूरचा नाही. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२१ मध्ये या आजाराचा समावेश असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला. देशातील उपलब्ध अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार भारतीय प्रौढांमध्ये या आजाराचे प्रमाण सुमारे ३८ टक्के आढळले.

प्राण्यांची गरज का भासते?

माणसात हा आजार वाढण्यास अनेक वर्षे, प्रसंगी काही दशके लागतात. दाह आणि तंतुमयता यांची खात्रीशीर पाहणी करण्यासाठी सुईने यकृताचा तुकडा काढावा लागतो आणि ही तपासणी एकाच व्यक्तीवर वारंवार करणे उचित नसते. शिवाय माणसाने वर्षभर नेमके काय खाल्ले, याची काटेकोर नोंद ठेवणे जवळजवळ अशक्य असते.

उंदराचे आयुष्य साधारणतः दोन वर्षांचे असते. त्याच्या आहारातील प्रत्येक घटक मोजून देता येतो, तसेच यकृताबरोबरच आतडे, स्नायू व मेदऊती यांचीही तपासणी करता येते. या आजारात हे सर्व अवयव एकमेकांवर परिणाम करीत असल्याने केवळ परीक्षानळीतील पेशींवरून पूर्ण चित्र उभे राहत नाही. माणसाच्या आजाराशी साधर्म्य असलेली स्थिती ज्या प्राण्यात मुद्दाम निर्माण केली जाते, त्यास वैज्ञानिक परिभाषेत प्राणी-प्रतिमान म्हणतात.

या वाटेचा आरंभ कॅनडातील टोरांटो येथे झाला. इन्सुलिनच्या शोधानंतर १९२०च्या दशकात तेथे स्वादुपिंड काढलेल्या कुत्र्यांना इन्सुलिन देऊन जिवंत ठेवण्यात येत होते. मधुमेह आटोक्यात असूनही काही महिन्यांनी ही कुत्री दगावत आणि त्यांचे यकृत मेदाने भरलेले आढळे. कच्चे स्वादुपिंड खाऊ घातल्यास हा विकार टळत असे. पुढे लेसिथिन या पदार्थानेही तोच परिणाम साधला. इन्सुलिनच्या शोधातील एक भागीदार चार्ल्स बेस्ट यांनी सहकाऱ्यांसह उंदरांवर प्रयोग केले आणि लेसिथिनमधील कोलीन हा घटक यकृताचे रक्षण करतो, असे १९३२ मध्ये दाखवून दिले. आहारातील एकच घटक कमी झाल्याने यकृत मेदाने भरू शकते, हे त्यामुळे सिद्ध झाले.

कोलीनच्या अभावाचा मार्ग

याच ज्ञानाच्या आधारे आजही सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या पद्धतींपैकी एक पद्धत तयार झाली. तीत उंदरांना कोलीन आणि मेथिओनिन हे दोन्ही घटक वगळलेला आहार दिला जातो. यकृतातील मेद रक्तात पाठवण्यासाठी त्याभोवती विशिष्ट स्निग्ध आवरण तयार व्हावे लागते आणि त्यासाठी कोलीन लागते. ते न मिळाल्यास मेद यकृतातच अडकून पडतो. वखारीत माल येत राहावा, परंतु तो बाहेर नेण्यास वाहनेच नसावीत, तशी ही स्थिती होय.

या आहाराने काही आठवड्यांतच मेद, दाह व तंतुमयता ही तिन्ही लक्षणे उमटतात. वेळ आणि खर्च यांची बचत होत असल्याने ही पद्धत लोकप्रिय ठरली. परंतु तिच्यात एक मोठी विसंगती आहे. या उंदरांचे वजन वाढण्याऐवजी झपाट्याने घटते आणि त्यांचे शरीर इन्सुलिनला उत्तम प्रतिसाद देत राहते. माणसातील बहुसंख्य रुग्णांमध्ये नेमके उलट घडते. त्यांचे वजन वाढलेले असते, रक्तातील साखर व मेद यांचे संतुलन ढळलेले असते आणि शरीर इन्सुलिनला पुरेसा प्रतिसाद देत नसते. दोघांचे यकृत सूक्ष्मदर्शकाखाली सारखे दिसले, तरी तेथवर पोहोचण्याचा मार्ग भिन्न असतो.

हा दोष कमी करण्यासाठी कोलीनचा अभाव, मेथिओनिनचे अल्प प्रमाण आणि भरपूर मेद असा मिश्र आहार विकसित करण्यात आला. त्याने वजनातील घट टळते आणि तंतुमयताही लवकर येते. तथापि, मूळ कारण कोलीनचा अभाव हेच राहते.

मेदबहुल आहाराचा मार्ग

दुसऱ्या पद्धतीत उंदरांना मेदाचे प्रमाण अधिक असलेला आहार दिला जातो. प्रयोगशाळेतील नेहमीच्या खाद्यात एकूण ऊर्जेपैकी साधारण १० ते १५ टक्के ऊर्जा मेदातून मिळते. मेदबहुल आहारात हे प्रमाण बहुधा ६० टक्क्यांपर्यंत नेले जाते. अमेरिकेतील संशोधक चार्ल्स लीबर यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात द्रवरूप आहारातील हे प्रमाण ७१ टक्के होते.

असा आहार घेणारे उंदीर लठ्ठ होतात, त्यांच्यात इन्सुलिनचा प्रभाव मंदावतो आणि यकृतात मेद साठतो. म्हणजेच आजाराची सुरुवात माणसाप्रमाणेच होते. अडचण पुढच्या टप्प्यावर येते. अनेक महिने हा आहार देऊनही बहुतेक उंदरांमध्ये तंतुमयता अत्यल्प राहते. रुग्णाच्या भवितव्याचा सर्वाधिक संबंध मात्र तंतुमयतेशीच असतो. त्यामुळे सिरोसिस रोखणाऱ्या औषधाची पारख या प्रतिमानात होऊ शकत नाही.

पाश्चात्त्य आहाराची प्रतिकृती

या दोन्ही मर्यादा लक्षात घेऊन संशोधकांनी माणसाच्या बदललेल्या खाद्यसवयींकडेच लक्ष वळवले. अमेरिकेतील सेंट लुईस विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात उंदरांना ट्रान्स फॅटयुक्त आहार आणि पिण्याच्या पाण्यातून फ्रुक्टोजयुक्त गोड पाक देण्यात आला. उंदरांना चढउतार करावा लागू नये, यासाठी पिंजऱ्यातील जाळीही काढून घेण्यात आली. बैठ्या जीवनशैलीचेच हे अनुकरण होते.

पुढील काळात मेद सुमारे ४० टक्के ऊर्जेइतका, फ्रुक्टोज सुमारे २० टक्के आणि कोलेस्टेरॉल २ टक्के असलेला आहार प्रचलित झाला. अमेरिकेत ट्रान्स फॅटवर बंदी आल्यानंतर त्यातील ट्रान्स फॅटच्या जागी पाम तेल वापरले जाऊ लागले. माणसाच्या ताटातील बदल अशा रीतीने उंदराच्या खाद्यातही उतरला. या आहारात प्रत्येक घटकाचे काम वेगळे असते. फ्रुक्टोजमुळे यकृतातच नवा मेद तयार होण्यास चालना मिळते, तर कोलेस्टेरॉलमुळे दाह व तंतुमयता यांना बळ मिळते.

व्हर्जिनिया कॉमनवेल्थ विद्यापीठातील डॉ. अरुण सन्याल यांच्या गटाने २०१६ मध्ये 'डायमंड' नावाचे प्रतिमान सादर केले. त्यात दोन वंशांच्या संकरातून जन्मलेल्या उंदरांना पाश्चात्त्य पद्धतीचा आहार व साखरेचे पाणी देण्यात आले. या उंदरांमध्ये मेद, दाह, तंतुमयता आणि कालांतराने कर्करोग असे सर्व टप्पे क्रमाने दिसून आले. अशा प्रतिमानांची किंमत मोजावी लागते ती वेळेच्या रूपाने. लक्षणीय तंतुमयता येण्यासाठी बहुधा सहा महिने वा त्याहून अधिक काळ थांबावे लागते.

आहारापलीकडील घटक

आहार समान असूनही निष्कर्ष बदलू शकतात, हे संशोधकांना अनुभवाने कळून आले. याचे पहिले कारण आनुवंशिकता हे होय. लेप्टिन हे संप्रेरक तयार न करू शकणारे उंदीर अतिशय लठ्ठ होतात आणि त्यांचे यकृत मेदाने भरते, परंतु त्यांच्यात तंतुमयता सहजी येत नाही. तंतुमय ऊती निर्माण होण्याच्या प्रक्रियेतच लेप्टिनचा वाटा असतो, हे त्यातून उमगले. याउलट, माणसात २००८ मध्ये सापडलेला 'पीएनपीएलए-३' या जनुकातील धोकादायक बदल उंदरात तंतोतंत उतरवला असता त्यांना भरपूर साखर दिल्यावरच यकृतात मेद वाढल्याचे दिसले. जनुक आणि आहार एकत्र आले, तेव्हाच विकार प्रकट झाला.

दुसरे कारण तापमानाचे आहे. प्रयोगशाळा माणसाला सुखावह अशा, साधारण २२ अंश सेल्सिअस तापमानावर ठेवल्या जातात. उंदराला मात्र सुमारे ३० अंश तापमान अनुकूल असते. त्याहून थंड जागेत तो सतत ऊर्जा जाळून शरीर उबदार ठेवतो. उबदार पिंजऱ्यात ठेवलेल्या उंदरांमध्ये मेदबहुल आहाराने होणारा यकृताचा विकार अधिक तीव्र होतो आणि नर-मादीतील फरकही मिटतो, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले.

उंदराव्यतिरिक्त अन्य प्राणीही या संशोधनात उपयोगी पडले आहेत. अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या किनाऱ्याजवळील ओसाबॉ बेटावरील डुकरे मेद साठवण्यात तरबेज असतात. फ्रुक्टोज, ट्रान्स फॅट व कोलेस्टेरॉलयुक्त आहार दिल्यावर त्यांच्यात पेशी फुगणे व तंतुमयता ही माणसातील लक्षणे आढळल्याचे २००९ मध्ये नोंदवले गेले. मात्र एवढ्या मोठ्या प्राण्यांवर व्यापक प्रयोग करणे खर्चिक असते.

केवळ मेद म्हणजे आजार नव्हे, याचे उदाहरण पक्षीसृष्टीत मिळते. स्थलांतर करणारे हंस व बदके दीर्घ उड्डाणापूर्वी मेदाचा साठा करतात. त्यांच्या याच क्षमतेचा गैरफायदा घेऊन, बळजबरीने खाऊ घालून 'फ्वा ग्रा' हा युरोपीय पदार्थ तयार केला जातो. भारताने २०१४ मध्ये त्याच्या आयातीवर बंदी घातली. या पक्ष्यांचे यकृत अनेक पटींनी वाढते, तरीही बळजबरी थांबवल्यास ते बऱ्याच अंशी पूर्ववत होते. यकृतात मेद साठवणे आणि त्या मेदामुळे यकृत जखमी होणे, या दोन भिन्न घटना आहेत.

औषधांची कसोटी

या साऱ्याचा रुग्णांशी थेट संबंध औषधांच्या चाचण्यांमध्ये येतो. एलाफिब्रेनॉर या औषधाने उंदरांमध्ये यकृताचा दाह कमी केला होता. २०२० मध्ये जाहीर झालेल्या मोठ्या मानवी चाचणीत मात्र औषध घेणाऱ्यांपैकी १९.२ टक्के, तर निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांपैकी १४.७ टक्के रुग्णांमध्ये दाहयुक्त अवस्था दूर झाली. हा फरक पुरेसा न ठरल्याने या आजारासाठीचे प्रयत्न थांबवण्यात आले. सेलोनसर्टिब या दुसऱ्या औषधालाही २०१९ मध्ये असेच अपयश आले.

यशाची उदाहरणेही आहेत. भारतात झायडस कंपनीच्या सारोग्लिटाझार या औषधास मार्च २०२० मध्ये या आजारासाठी मान्यता मिळाली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मार्च २०२४ मध्ये रेस्मेटिरॉम या औषधास मान्यता दिली. मध्यम ते प्रगत तंतुमयता असलेल्या, परंतु सिरोसिस नसलेल्या रुग्णांसाठीचे ते त्या देशातील पहिले औषध ठरले. त्याच्या चाचणीत मात्रेनुसार सुमारे २६ ते ३० टक्के रुग्णांची दाहयुक्त अवस्था दूर झाली. निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांमध्ये हे प्रमाण सुमारे १० टक्के होते. ऑगस्ट २०२५ मध्ये सेमाग्लुटाइड या औषधासही तेथे या आजारासाठी मान्यता मिळाली.

सेमाग्लुटाइड भूक व वजन कमी करते. कोलीनच्या अभावाने आधीच खंगत चाललेल्या उंदरावर अशा औषधाची परीक्षा घेण्यात अर्थ उरत नाही. ती लठ्ठ उंदरावरच घ्यावी लागते. याउलट, केवळ तंतुमयता रोखणाऱ्या औषधाची पहिली पारख कोलीन-न्यून आहारावर लवकर होऊ शकते. प्रतिमानाची निवड प्रश्नाला अनुसरून करावी लागते, ती अशी.

युरोपातील संशोधकांच्या एका गटाने २०२४ मध्ये उंदरांच्या ३९ आहार-प्रतिमानांची माणसाच्या आजाराशी पद्धतशीर तुलना केली. पाश्चात्त्य पद्धतीचे आहार माणसाच्या आजाराशी अधिक जुळतात, परंतु लक्षणीय तंतुमयतेसाठी अधिक कोलेस्टेरॉल, दीर्घ कालावधी किंवा जनुकीय बदल यांची जोड लागते, असे त्यात दिसून आले. कोलीनच्या अभावाने तंतुमयता त्वरेने येते, पण तिचे माणसाशी साधर्म्य तुलनेने कमी असते, असाही निष्कर्ष निघाला.

भारतीय रुग्णाचे प्रतिमान कोणते?

आतापर्यंत वर्णिलेल्या बहुतेक प्रतिमानांमागे लठ्ठ पाश्चात्त्य रुग्ण गृहीत धरलेला आहे. भारतातील चित्र काहीसे वेगळे आहे. पश्चिम बंगालच्या ग्रामीण भागातील पाहणीचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात ८.७ टक्के लोकांच्या यकृतात मेद आढळला आणि त्यांपैकी तीन-चतुर्थांश लोकांचा देहवस्तुमान निर्देशांक २५ पेक्षा कमी होता. म्हणजेच रूढ अर्थाने ते लठ्ठ नव्हते.

या संदर्भात पुण्यात झालेले संशोधन विचारात घेण्याजोगे आहे. तेथे विस्टार वंशाच्या उंदरांना तब्बल ५० पिढ्या अपुऱ्या आहारावर वाढवण्यात आले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, या उंदरांची पिल्ले जन्मतः कमी वजनाची होती, तरीही त्यांच्या पोटातील मेद अधिक होता, इन्सुलिनचा प्रभाव मंद होता आणि ब-१२ जीवनसत्त्वाचे प्रमाण कमी होते. पुढील दोन पिढ्यांना पोटभर अन्न देऊनही हे दोष दूर झाले नाहीत. या प्रयोगाचा मुख्य रोख मधुमेहाच्या प्रवृत्तीवर होता. परंतु शरीराने सडपातळ, चयापचयाने मात्र स्थूल असलेल्या भारतीय रुग्णाचे यकृत समजून घेण्यासाठी अशा प्रतिमानांची आवश्यकता त्यातून स्पष्ट होते.

नियमन आणि पर्याय

प्रतिमान चुकीचे निवडले, तर रुग्णांचा वेळ वाया जातो आणि प्राण्यांचे जीवही व्यर्थ जातात. भारतात असे प्रयोग १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली स्थापन झालेल्या केंद्रीय समितीच्या देखरेखीखाली चालतात आणि संबंधित संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मान्यता आवश्यक असते. शक्य तेथे पर्याय शोधावा, प्राण्यांची संख्या घटवावी आणि त्यांच्या यातना कमी कराव्यात, ही रसेल व बर्च यांनी १९५९ मध्ये मांडलेली त्रिसूत्री जगभर मार्गदर्शक मानली जाते. भारताने २०२३ मध्ये नवीन औषध नियमांत दुरुस्ती करून मानवी पेशींपासून तयार केलेली सूक्ष्म यकृते व 'चिप'वरील अवयव यांसारख्या प्राणीविरहित पद्धतींना वाव दिला आहे. मेद वा तंतुमयता यकृतपेशींमध्ये कशी निर्माण होते, हे त्यांतून पाहता येते. आहार, आतडे, मेदऊती आणि यकृत यांचा परस्परसंबंध मात्र त्यांत अद्याप पूर्णपणे उतरवता आलेला नाही.

तात्पर्य, उंदरांवरील यशाचे वृत्त वाचताना काही बाबी तपासून पाहणे हितावह ठरते. त्या उंदराला कोणता आहार दिला होता? तो लठ्ठ झाला होता, की खंगला होता? औषधाने केवळ मेद घटला, की तंतुमयताही कमी झाली? याची उत्तरे वृत्तात नसल्यास ते यश प्राथमिक मानावे आणि चालू उपचार वैद्यकीय सल्ल्याशिवाय बदलू नयेत. स्थूल रुग्णांनी वजनात सात ते दहा टक्के घट केल्यास यकृतातील मेद व दाह कमी होतो, हे मानवी अभ्यासांतून दिसून आले आहे. त्यासाठी नव्या औषधाच्या वृत्ताची वाट पाहण्याचे कारण नाही.